रिकामा रकाना

"टीचर, एकही नाही. रकाना रिकामा सोडू?"

रात्रीचे साडेआठ. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी एका काजूच्या बागेत आम्ही पाच जण उभे होतो. पातेरा इतका वाळलेला की कोणी नुसता पाय बदलला तरी पापड मोडल्यासारखा आवाज व्हायचा. पाठ घामाने चिकट झालेली. डोक्याला बांधलेल्या बॅटऱ्यांच्या उजेडात दिसत होते चार कोळी, एक पाल आणि एकमेकांचे कंटाळलेले चेहरे. विचारणारी होती नववीतली श्रेया. उत्तर द्यायचं मी, कारण बावीस वर्षं जीवशास्त्र मी शिकवते.

"सोड," मी म्हटलं.

"नको हां," मागून दीदीचा आवाज आला. "शून्य लिही."

दीदी कुडाळची. अठ्ठावीस वर्षांची असेल. बेडकांवर संशोधन करते आणि सुट्टीत असली शिबिरं घेते. तिचं म्हणणं साधं होतं. रकाना रिकामा म्हणजे आपण बघितलंच नाही. शून्य म्हणजे शंभर मीटर दोरी ताणून, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन मीटर, चौघांनी अर्धा तास नीट बघितलं, आणि दिसला नाही. "दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, टीचर."

मला हा काटेकोरपणा जरा जास्तच वाटला. बेडूक नाही म्हणजे नाही, त्यात जमीन कुठली आणि अस्मान कुठलं. पण श्रेयाने पेन्सिलीने गोल काढला. त्या रात्री काजूच्या बागेतल्या कागदावर असे अकरा गोल जमले, प्रत्येक जातीपुढे एक. लांबून बघितलं तर कोणी रांगोळीचे ठिपके जोडायला घेतलेत असं वाटावं.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. एका छोट्या स्वयंसेवी संस्थेने नववी ते अकरावीच्या मुलांसाठी दहा दिवसांचं निसर्गसंशोधन शिबिर ठेवलं होतं. डिचोली, साखळी, वाळपई इथली बरीच आणि पणजी-म्हापशाची काही अशी चौदा मुलं. मुली असल्यामुळे एक बाई शिक्षिका हवी होती. आता गोव्यात शाळा एप्रिलातच सुरू होते, सुट्टी म्हणजे काय तो मे महिना. तो असा घालवायची माझी मुळीच इच्छा नव्हती. पण आमच्या हेडमास्तरांनी "तुमचाच विषय ना?" असं विचारलं आणि त्यावर नाही म्हणायला मला काही सुचलं नाही.

म्हादई अभयारण्य जवळच होतं, १९९९ साली जाहीर झालेलं, दोनशे आठ चौरस किलोमीटरचं. पण आम्ही त्याच्या आत गेलो नाही. तिथे असलं काम करायला वनखात्याची परवानगी लागते आणि शाळकरी पोरांच्या पहिल्या धड्यासाठी तिची गरजही नव्हती. आम्ही गावच्या जमिनीत काम करायचं ठरवलं: काजूची बाग, कुळागर म्हणजे पोफळीची बाग, व्हाळाचा म्हणजे ओढ्याचा काठ आणि पावसाची वाट बघत पडलेलं भातशेत. बेडकाला हात लावायचा नाही, पकडायचा नाही, फोटोसाठी दगड उलटायचे नाहीत. एका जागेहून दुसऱ्या जागी जाताना चपला-बूट ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात बुडवायचे, कारण कायट्रिड नावाच्या बुरशीने जगभरात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत आणि ती चिखलातून पसरते. पणजीच्या एका मुलाचे नवेकोरे महागडे बूट दुसऱ्या दिवशी पांढरट पडले. त्याने आईला फोन करायला सगळा डोंगर पालथा घातला, पण रेंज मिळाली नाही. देव पावला.

राहायला एका घराची पडवी आणि शेजारची बालवाडीची खोली. जेवायला त्या घरच्या काकींच्या हातचं: सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि चेपणीचा आंबा, दुपारी फणसाची भाजी, सोलकढी. पहिल्या दिवशी पेजेकडे बघून नाकं मुरडणारी पोरं चौथ्या दिवशी टोप खरवडत होती. ही असली वाक्यं प्रत्येक शिबिराच्या अहवालात असतात, पण काय करणार, टोप खरंच खरवडत होती.

गावात आमची पहिली ओळख झाली ती एका प्रश्नाने. व्हाळाकाठी दोरी ताणत होतो. वरून वाटेने एक म्हातारे गृहस्थ आले, काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कितें मेजतात?" काय मोजताय?

बेडूक, म्हटलं.

"बेबे?" ते बराच वेळ हसले. मग एकदम हसायचे थांबून म्हणाले, "आनी मागीर?" आणि मग?

या 'मागीर'मध्ये काय काय होतं ते मला दोन दिवसांनी कळलं. सत्तरीत टेप घेऊन कोणी आलं की लोक सावध होतात. जानेवारी २०२० मध्ये इथल्याच गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, वाघीण आणि तिचे बच्चे. विषप्रयोग झाला होता. त्यानंतर जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सरकारला तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं. त्याआधीपासून अभयारण्याच्या हद्दीचा, काजूच्या बागांचा, जमिनीच्या मालकीचा घोळ आहेच. इथल्या माणसाच्या अनुभवात मोजणारे आधी येतात आणि कुंपण मागून. आम्ही निघालो होतो बेडूक मोजायला, पण त्यांना दिसत होती ती दोरी.

ते गृहस्थ म्हणजे गावकर काका. पुढचे आठ दिवस त्यांनीच आम्हाला फिरवलं. मोजण्यावर त्यांचा विश्वास शेवटपर्यंत बसला नाही, पण पोरांनी व्हाळात पडू नये एवढी काळजी त्यांना होती.

दुपारी ऊन असायचं तेव्हा दीदी हिशेब शिकवायची. तिने काकींकडून टोपलीभर काजूच्या बिया मागून घेतल्या. त्यातल्या चाळीस काढून त्यांना चुन्याचा ठिपका लावला, परत टोपलीत घालून ढवळल्या. मग डोळे मिटून पन्नास बिया काढल्या. त्यात चुन्याच्या निघाल्या आठ. चाळीस गुणिले पन्नास भागिले आठ: अडीचशे. टोपलीत साधारण अडीचशे बिया असाव्यात. मग सगळ्या मोजल्या. दोनशे त्रेसष्ट. मुलांना जादूच वाटली. मलाही वाटली, आणि हे सूत्र मी दरवर्षी फळ्यावर लिहिते हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच खेळ पुन्हा केला तर उत्तर भलतंच आलं. चौकशीअंती कळलं की रात्री काही बिया चुलीत गेल्या होत्या. दीदीला तर आनंदच झाला. म्हणाली, हेच तर सांगायचं होतं. मधल्या काळात कोणी जन्मलं नाही, मेलं नाही, आलं नाही, गेलं नाही, असं धरूनच हे गणित चालतं. चुलीत गेलेल्यांचं काय करायचं ते सूत्र सांगत नाही.

आणखी एक गणित तिने शून्याचं घातलं. समजा एका जागी बेडूक आहे. पण एका रात्री तो आपल्याला दिसण्याची शक्यता आहे दहात तीन. न दिसण्याची दहात सात. तीन रात्री गेलो आणि तिन्ही रात्री शून्य आलं, तर? ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७ म्हणजे ०.३४३. बेडूक तिथेच असून तीन रात्रींत एकदाही न दिसण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त.

"म्हणजे शून्य लिहून पण काही कळत नाही?" मयूरेशने विचारलं. हा वाळपईकडच्या गावातला, अकरावीत जाणारा, फारसा न बोलणारा मुलगा.

"एका शून्यातून कळत नाही," दीदी म्हणाली. "म्हणून परत जायचं."

आता माझी गोष्ट. ती लिहू की नको यात दोन महिने गेले.

आमच्याकडे प्रयोगवही असते. त्यात उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मुलं निरीक्षण मागच्या वर्षीच्या मुलांच्या वहीतून उतरवतात. ते मला माहीत असतं. मला माहीत असतं हे त्यांनाही माहीत असतं. कांद्याच्या सालीच्या पेशी कधीच न बघता सुंदर काढलेल्या असतात, छायेसकट. बटाट्याच्या परासरणाच्या प्रयोगात पंचेचाळीस मुलांच्या बटाट्यात पाणी एकाच पातळीपर्यंत चढतं. मी लाल पेनाने सही करते आणि तारीख घालते. वह्या पूर्ण पाहिजेत, परीक्षक येतात. रकाना रिकामा असला तर मार्क जातात. बावीस वर्षं मी रिकामे रकाने भरून घेत आले. कोणी 'दिसलं नाही' असं लिहिलं असतं तर मी त्याला वही पुन्हा लिहायला लावली असती. एकदा लावलीही आहे, आता आठवतंय.

शिबिरात माझ्याकडे एक सोपं काम होतं. दर अर्ध्या तासाने तापमापकावरचं तापमान लिहायचं. तापमापक आमच्याच प्रयोगशाळेतून आणलेला, काचेचा, साधा. चौथ्या रात्री कुळागराच्या कडेला चिऱ्यांच्या गडग्यावर मी बसले होते. पाटात पाणी झुळझुळत होतं, एक-दोन बेडूक किरकिरत होते, दिवसभराची चाल पायांत होती. माझा डोळा लागला. जाग आली तेव्हा नऊ वाजत आले होते. साडेआठची नोंद राहिलेली. आठ वाजता २८ होतं. नऊला बघितलं तर २७.५. मी अगदी सहज, हात न थरथरता, मधल्या रकान्यात २७.८ लिहिलं. मला त्यात काही गैर वाटलं नाही. वाटलं असतं तर निदान २७.५ तरी लिहिलं असतं.

सकाळी श्रेया आलेख काढत होती. मधेच थांबून माझ्याकडे आली. आवाजात आगाऊपणाचा लवलेशही नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

"टीचर, थर्मामीटरवर रेघा अर्ध्या-अर्ध्या अंशाच्या आहेत. २७.८ कसं वाचायचं? मला शिकवाल?"

कानशिलं तापणं म्हणजे काय ते त्या क्षणी मला कळलं. दोन वाटा होत्या. 'अंदाजाने वाचता येतं' म्हणून तिला गप्प करणं अगदी सोपं होतं. बाईंचा शब्द होता, तिने मानला असता. पडवीत बाकीची पोरं पेज पीत होती. मी म्हटलं, "वाचलं नाही. झोप लागली होती. मनाने लिहिलं."

पेजेच्या चमच्यांचा आवाज थांबला. मग कोणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच. मीही हसले, पण उशिरा.

दीदीने आकांडतांडव केलं नाही, की समजूतही घातली नाही. ती म्हणाली, खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाजूला 'नोंद घेतली नाही' असं लिहा, सही करा, तारीख घाला. मी रेघ मारली. सही केली. तारीख घातली. आयुष्यात हजारो वेळा केलेली सही, पण त्या दिवशी अक्षर वेगळंच आलं.

त्या दिवसापासून पोरांना चेव चढला. 'नोंद घेतली नाही' हा शेरा म्हणजे त्यांच्यासाठी पदकच झालं. कोणी लघवीला गेलं म्हणून, कोणी पेन्सिल शोधत होतं म्हणून, कोणी सापाच्या भीतीने पुढे गेलं नाही म्हणून. "दहा ते वीस मीटर नीट बघितलं नाही, घाबरलो." हे वाक्य एका म्हापशाच्या धटिंगण मुलाने स्वतःच्या सहीने लिहून दिलेलं आहे.

सहाव्या दिवशी काकींच्या शेणखताच्या खड्ड्याशी आरडाओरडा झाला. काकींनी खराटा उचलला होता. ओल्या पालापाचोळ्यात बोटभर जाडीचं, करड्या-जांभळट रंगाचं, डोळे असून नसल्यासारखं काहीतरी वळवळत होतं. साप म्हणावा तर खवले नाहीत, गांडूळ म्हणावं तर तोंडाला जबडा. दीदी अक्षरशः उडी मारून मध्ये पडली. देवगांडूळ. नाव गांडुळाचं, पण प्राणी उभयचर, बेडकाचाच बिनपायाचा भाऊबंद. सह्याद्रीत याच्या बऱ्याच जाती आहेत. गोव्याच्या नावाची एक आणि म्हादईच्या नावाची एक, अशा दोन जाती २००७ साली शास्त्राच्या पुस्तकात नोंदल्या गेल्या. शेतात, बागेत कुदळीखाली येतात, सापाचं पिल्लू म्हणून मारल्या जातात. मग ही कुठली? गोव्याची की म्हादईची? पोरं नाव ऐकायला टपलेली. दीदीने वाकून, आडवं होऊन, भिंग लावून बघितलं. म्हणाली, "नुसतं बघून सांगता येणार नाही. लिहा: देवगांडूळ, जात ओळखली नाही." काकी खराटा खाली ठेवून म्हणाल्या, एवढी शिकलेली पोर, तिलाही कळलं नाही. पण त्यांनी त्यावर पालापाचोळा परत लोटला, आणि दुसऱ्या दिवशी शेण टाकायला पलीकडच्या कोपऱ्याला गेल्या.

राईचीही गोष्ट सांगायला हवी. गावाला देवराई आहे. लहानशी, पण आत शिरलं की उन्हाचा एकदम पत्ता नाही. वेली माणसाच्या मांडीएवढ्या. चपला बाहेर काढायच्या, पडलेली काटकीही उचलायची नाही. दिवसा गावकर काकांनी आम्हाला सगळी राई दाखवली. तिथला झरा मे महिन्यातही वाहत होता, आणि दीदीचे डोळे लकाकले. असल्या जागी रात्री बघितलं तर काय काय मिळेल! तिने काकांना विचारलं.

"तिन्हीसांजेनंतर राईत जायचं नाही," काका म्हणाले. "राखणदार फिरतो." राखणदार म्हणजे राईची राखण करणारा देव.

मला वाटलं ही आता वाद घालणार, शास्त्र वगैरे. तिने मान हलवली आणि कागद काढला. राईचा कागद, रात्रीची पाहणी. पहिल्याच रात्रीपासून तो गठ्ठ्यात होता. अकराच्या अकरा रकाने तिने तसेच रिकामे ठेवले. गोल नाही. खाली शेऱ्यात लिहिलं: "गेलो नाही. राखणदाराची वेळ."

"हे चालतं?" श्रेयाने विचारलं.

"हेच खरं आहे ना?"

काकांनी तो कागद मागून घेतला, चष्मा नाकावर चढवून सावकाश वाचला आणि घडी न घालता परत दिला. मोजण्याबद्दल त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी ते आपणहून म्हणाले की व्हाळाच्या वरच्या कोंडीत पूर्वी हिरवे, झाडावरून तरंगत उतरणारे बेबे असायचे, आणि पाण्यावर झुकलेल्या फांद्यांना साबणाच्या फेसासारखे गोळे लटकलेले असायचे. मलबारी उडता बेडूक. त्या फेसात अंडी असतात, पिल्लं त्यातूनच टपटप पाण्यात पडतात. दीदीने सगळं लिहून घेतलं आणि वर लिहिलं, "ऐकीव. कधीचं: काकांच्या तरुणपणी." एका गावाच्या पंचायतीत २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली लोकांची म्हणून जी नोंदवही ठेवायची असते, तिच्यासाठी ही असली पानं उपयोगी पडतात असं ती म्हणाली. ती नोंदवही त्या गावात कोणत्या कपाटात आहे याचा शोध आम्ही एक सकाळभर घेतला. त्याबद्दल नंतर कधीतरी.

सातव्या रात्री पाऊस आला.

दुपारपासून घाटावर काळं साचत होतं. साडेसहाला वारा सुटला, पोफळी कमरेत वाकल्या, काकी वाळत घातलेली सोलं गोळा करायला धावल्या आणि मग दोन तास आभाळ फाटल्यासारखा कोसळला. वीज गेली. तो थांबला तेव्हा आम्ही पडवीतून बाहेर आलो आणि कोणी काही बोललं नाही, कारण बोललेलं ऐकूच आलं नसतं. शेताकडून येणारा तो आवाज मी लहानपणी डिचोलीत ऐकला होता, दरवर्षी, आणि नंतर कधी ऐकू येईनासा झाला ते लक्षातही आलं नाही. खर्जातलं डराँव डराँव, त्यावर किरकिर, त्यावर कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरवल्यासारखं काहीतरी. दीदी ओरडून सांगत होती की तो शेवटचा आवाज करणारा प्राणी अंगठ्याच्या पेराएवढा आहे.

शेतात घोटाभर पाणी साचलं होतं. बॅटरी टाकली आणि मुलं किंचाळली. पिवळे. हळदीने माखलेल्या नवऱ्यामुलासारखे पिवळेधमक बेडूक, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवणारे. एरवी हाच बेडूक मळक्या हिरव्या रंगाचा असतो, आणि कोरड्या महिन्यांत जमिनीखाली गाडून घेऊन पडून राहतो. सहा रात्री ज्याच्यापुढे आम्ही गोल काढले तो इथेच, बहुधा आमच्या पायांखालीच होता. मयूरेशने मोजायला सुरुवात केली, एकोणीसपर्यंत गेला, आणि थांबला.

शेताच्या पलीकडच्या बांधावर उजेड होता. एक, दोन, मग चार. हळू सरकणारे, मध्येच थांबणारे, वाकणारे.

गोव्यात राहणाऱ्या कोणालाही ते समजावून सांगायला नको. पहिल्या पावसात बेबे मारणं हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. हॉटेलात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात आणि ओळखीच्या गिऱ्हाइकालाच देतात, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली तो गुन्हा आहे. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागीच थिजतो. कोरडे महिने जमिनीत काढून जो पहिल्या पावसात बाहेर येतो, तो नेमका त्याच रात्री सगळ्यांत जास्त ओरडतो, सगळ्यांत जास्त चमकतो.

पणजीच्या मुलाने तिकडे धावायला सुरुवात केली होती. दीदीने त्याची कॉलर धरली. अंधारात, पाण्यात, अनोळखी माणसांशी भांडायला चौदा पोरांना नेणार नाही, असं तिने ठणकावलं. मग काय करायचं? बघत बसायचं? श्रेया रडायच्या बेतात होती.

"माझे काका जातात," मयूरेश म्हणाला.

कोणी विचारलं नव्हतं.

"आमच्याकडे दर वर्षी असतं. मी पण खाल्लंय. गेल्या वर्षी बॅटरी मीच धरली होती."

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. शिक्षिकेला सुचायला हवं होतं कदाचित. बेडकांचा तो प्रचंड गलका चालूच होता, ही त्यातल्या त्यात सोय. शेवटी म्हापशाच्या धटिंगणाने विचारलं, "चवीला कसं लागतं?" आणि मयूरेश म्हणाला, "चिकनसारखं," आणि तो प्रश्न आणि ते उत्तर इतकं ठरलेलं होतं की दोन-तीन जण हसले. मग सगळ्यांनी परत मोजायला घेतलं. आपल्या बाजूचा बांध, अर्धा तास. सत्तेचाळीस. शेऱ्यात काय लिहायचं यावर पडवीत रात्री साडेअकरापर्यंत भांडण झालं. नावं लिहायची नाहीत यावर एकमत होतं. शिकार लिहायचं की नाही यावर नव्हतं. शेवटी मयूरेशनेच लिहिलं: "पलीकडच्या बांधावर बॅटऱ्या ४. वेळ ८:५० ते १०:१५. काय नेलं ते दिसलं नाही."

संस्थेच्या लोकांनी सकाळी वनखात्याला कळवलं. आठव्या रात्री जीप येऊन गेली. त्या रात्री बॅटऱ्याही नव्हत्या आणि पाऊसही नव्हता, त्यामुळे काय कशामुळे ते सांगता येत नाही. गावात दोन घरांनी मात्र आमच्याशी बोलणं सोडलं. निघताना काकींनी सोलं बांधून दिली, गावकर काकांनी करवंदं. म्हातारा शेवटी म्हणाला, "मेजलें मरे?" मोजलं ना एकदाचं?

जूनमध्ये शाळा परत सुरू झाली. जुलैत अकरावीच्या प्रयोगवह्यांचा पहिला गठ्ठा टेबलावर आला. परासरण, बटाटा. पंचेचाळीस वह्या, पाण्याची पातळी पंचेचाळीस ठिकाणी सारखी. मी लाल पेन उघडलं, आणि बराच वेळ तसंच धरून बसले. मग वर्गात जाऊन म्हटलं, बटाटे परत आणा. पोरांनी माझ्याकडे असं बघितलं की बाईंना ऊन लागलं असावं. त्या प्रयोगाला तीन तास गेले, सिलॅबस मागे पडला, दोघांचे बटाटे सडले, आणि हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. ते आता बाजूला ठेवते.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाला फोनवर एक फोटो आला. मयूरेशकडून. शिबिरातला कोरा कागद त्याने जपून ठेवला होता. जागा: घरामागचं शेत. वेळ: ८ ते ८:३०. माणसं: १. लांबी: शंभर मीटर, आणि कंसात 'दोरी काकांची'. किरकिरे बेडूक सहा. पिवळ्या बेडकापुढे पेन्सिलीने काढलेला गोल.

मी विचारलं, पाऊस होता का?

"होता टीचर. आज तिसऱ्यांदा गेलो."

आणि मग जरा वेळाने, "उद्या परत जातो."